साडूभाऊंच्या सायकलीची तयारी

सायकलीवर इतका विचार केलेला आणि सायकलीवर इतका कमी बसलेला माणूस अमरावतीतच काय, अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं भाग्य. माझ्या धाकट्या मेहुणीचे हे यजमान. घराणं तीन पिढ्यांपासून भाजीपाल्यातलं. आजोबांनी मळा केला, वडिलांनी मंडईत अडत टाकली आणि साडूभाऊंनी ती चालवता चालवता पंचेचाळिसाव्या वर्षी डोंगरावर चढायची सायकल घेतली. ते राहतात त्या भागात सर्वांत मोठा चढ म्हणजे शाळेपुढचा गतिरोधक. पण सायकल डोंगराचीच हवी होती. "रस्त्याची सायकल कोनीही चालवते हो," ते मला म्हणाले होते. डोंगराची सायकल कोण चालवतं हे मी विचारलं नाही, आणि पुढच्या तीन वर्षांत ते कळायची वेळही फारशी आली नाही.

सायकल घरी आली त्याला पंधरा दिवस झाले नसतील, तोच साडूभाऊंना साक्षात्कार झाला की तिच्यावरचा एकूण एक सुटा भाग म्हणजे चलता माल आहे. कंपनीनं सांगाडा तेवढा बरा दिलाय, बाकी सगळं बदलायला हवं. प्रश्न एवढाच होता की आधी काय? त्या दिवसापासून मला अकोल्याला रोज फोन. आमच्याकडे मुलीसाठी स्थळ पाहताना माणसं जशी घराण्याची चौकशी करतात, मामेकुळी विचारतात, गावातल्या चार लोकांकडून खात्री करून घेतात, तसं साडूभाऊ एकेका पेडलचं करत. नागपूरचा कोणी सायकलवाला काय म्हणाला, पुण्याच्या कोणाचा त्याच गिअरनं कसा घात केला, सगळं मला पाठ. एकदा त्यांनी भर दुपारी विचारलं, "साडूभाऊ, एक सांगा. टायर पयले का ब्रेक पयले?" मी वर्गावरून नुकताच आलेलो, भुकेला. म्हटलं, "आधी बसा." अत्यंत समजूतदार आवाजात ते म्हणाले, "बसाचं तं आहेच हो. पन कशावर बसाचं ते तं ठरलं पायजे ना?"

ठरवण्याची त्यांची पद्धत स्वतःची होती. मंडईत माल वजनावर कळतो. साडूभाऊ मेथीची जुडी नुसती हातात धरून ग्रॅमपर्यंत सांगतात आणि काटा त्यांना कधी खोटं पाडत नाही. तोच न्याय सायकलीला. नवा भाग आला की तो घरी नाही, आधी अडतीवर जायचा. मिरच्यांची पोती बाजूला सारून इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी जुनं पेडल, मग नवं पेडल. आकडा कमी आला की हमाल, शेतकरी, समोरचा कांदेवाला अशा सगळ्यांना बोलावून दाखवायचे. पेडलांनी सायकल एकशे चाळीस ग्रॅमनं उतरली, त्या आनंदात आम्ही गिला वडा खायला गेलो. साडूभाऊंनी चार प्लेट खाल्ल्या. सायकलीचं झालं, आता सायकलस्वाराला काट्यावर चढवू या, असं मी सुचवलं तर ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नव्या सीटचा फोटो आला, खाली वजन लिहिलेलं.

हे भाग यायचे माझ्या घरी. अमरावतीला पार्सल आलं तर बायकोला कळेल, म्हणून पत्ता अकोल्याचा. मग शनिवारी शाळा सुटली की मी एखादं चाक नाहीतर हँडल जुन्या साडीत गुंडाळून गाडीनं बडनेऱ्याला उतरायचो आणि तिथून ऑटोनं त्यांच्या घरी. अख्ख्या शिक्षकी पेशात मी एवढी चोरटी कामं केली नव्हती. दार उघडताच मेहुणी विचारायची, "या भाऊजी. या खेपेले काय आनलं, चाक का हँडल?" बायकोला माहीत नाही ही गोष्ट जगात फक्त नवऱ्यालाच माहीत असते. साडूभाऊंचा मात्र शेवटपर्यंत समज होता की आमचा कारभार फार गुप्त आहे.

या सगळ्यात एकाच माणसाला त्या डोंगराच्या सायकलीशी काही देणंघेणं नव्हतं, ती म्हणजे त्यांची मुलगी. तिच्याकडे साधी लेडीज सायकल होती. शाळा, ट्यूशन, मैत्रिणी, दळण, सगळं तिनं सहा वर्षं त्याच सायकलीवर केलं. एक ब्रेक लागायचा, दुसरा नावाला. साखळी कुरकुरायची. त्याच सायकलीवर ती मैत्रिणींबरोबर पोहऱ्याच्या जंगलातून थेट मालखेडच्या तलावापर्यंत दोनदा जाऊनही आली होती, आणि ज्या रस्त्यासाठी बापाच्या सायकलीची तीन वर्षं तयारी चालली होती तो हाच रस्ता. बारावी झाली, बंगळूरला प्रवेश मिळाला, तेव्हा तिनं बापाकडे एकच गोष्ट मागितली. लॅपटॉप नाही, फोन नाही. "बाबा, मी जायच्या आंदी एकडाव आपन दोघं तलावावर जाऊ. सायकलीनं."

साडूभाऊ हरखले. पण हरखलेला माणूस अधिक धोकादायक असतो. "पोट्टीसंग जायचं तं साजरी सायकल पायजे," म्हणून त्यांनी पुन्हा कंबर कसली. पहिल्या रविवारी टायर बिनट्यूबचे करायचे होते. दुसऱ्या रविवारी ब्रेकमध्ये तेल भरायचं राहिलं. तिसऱ्या रविवारी गिअरची एक तार येणार होती ती आली नाही. पोरगी दर रविवारी पहाटे उठायची, पाण्याची बाटली भरायची आणि सात वाजता ती बाटली परत फ्रिजमध्ये ठेवायची. मेहुणीनं मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

शेवटी राहिला फोर्क. म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे, खड्ड्याचा दणका पिऊन टाकणारे ते दोन नळे. साडूभाऊंनी तीन फोर्कांची महिनाभर तुलना केली आणि वजनाला सर्वांत हलका तो मागवला. मागवताक्षणी जुना काढून अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या मित्राला देऊनही टाकला, कारण मनानं आता ते जुन्यावर बसू शकत नव्हते. पोरगी सोमवारी जाणार. शनिवारी संध्याकाळी मी नवा फोर्क घेऊन पोचलो. काट्यावर तो जुन्याच्या लिहून ठेवलेल्या वजनापेक्षा चारशे ग्रॅमनं कमी भरला. पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. मग घरी येऊन तो सायकलीच्या मानेत, म्हणजे हँडलखालच्या नळीत, घालायला गेले तर जाईना. नव्याचा दांडा खालच्या बाजूला जाड, सायकलीची मान वरपासून खालपर्यंत बारीक. मला वाटलं तेल लावून जाईल, त्यांना वाटलं ठोकून जाईल. अर्ध्या तासानं आम्ही दोघं फरशीवर बसलो होतो. साडूभाऊंनी त्या फोर्कचं वजन सहा ठिकाणी पडताळून पाहिलं होतं, पण टेप लावून तो मोजला एकदाही नव्हता. तीन पिढ्यांत त्यांच्याकडे कोबीला कोणी टेप लावली नव्हती, ते तरी काय करणार! मला हसू आवरेना. आता आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते.

पहाटे पोरगी तयार होऊन पायरीवर बसली होती. अंगणात सायकल पुढच्या चाकाशिवाय उलटी पडलेली. तिनं एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि म्हणाली, "चाला ना बाबा. माह्या सायकलीवर जाऊ डबलसीट. तुमी चालवा, मी मांगं बसते."

साडूभाऊ म्हणाले, "त्या सायकलीवर? तिचा ब्रेक पाह्यला का तू? अवं, दिवाळीले येशीन ना तू? तोवर दुसरा फोर्क येते. मंग जाऊ, असे जाऊ का पाहत राहशीन."

"मले सायकल नोती पाह्याची, बाबा," ती म्हणाली. रागानं नाही. उठली, आत गेली आणि बॅग भरायला लागली. सोमवारी आम्ही बडनेऱ्याला तिला गाडीत बसवून आलो.

दिवाळीला ती आली चार दिवसांसाठी. सायकल तयार होती, अगदी नखशिखांत. तिसऱ्या दिवशी पहाटे साडूभाऊंनी हेल्मेट घालून तिच्या खोलीचं दार हळूच ढकललं. "बाबा, झोपू द्या ना," ती पांघरुणातून म्हणाली, "पुढच्या टायमाले जाऊ." पोरीचं काही चुकलं नाही. परीक्षा देऊन, दीड दिवसाचा प्रवास करून आलेली ती. पण हेल्मेट घातलेला तो माणूस दारात किती वेळ उभा होता हे मेहुणीनं मला सांगितलं, आणि या वेळी मी हसलो नाही.

मागच्या महिन्यात अमरावतीला गेलो होतो. रविवार होता. डोंगराची सायकल व्हरांड्यात कापडाखाली झाकलेली होती आणि साडूभाऊ घरी नव्हते. साडेआठला फाटक वाजलं. पाहतो तर घामानं निथळत साडूभाऊ लेडीज सायकलीवरून येतायत. गुडघे हँडलला लागत होते म्हणून ते बाहेर फाकवून पेडल मारत होते. मालखेडला तलावापर्यंत जाऊन आले होते. दर रविवारी जातात म्हणे.

मी म्हटलं, "अहो, गुडघ्याचं खोबरं होईल. सीट तरी वर करा. दोन मिनिटांचं काम आहे, मी करून देतो." सीट किती उंच हवी यावर ज्या माणसानं मला एकदा तासभर व्याख्यान दिलं होतं, त्यानं माझा हात धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "वर केली तं ती आल्यावर तिचे पाय पुरनार नाईत."

ती आता सुट्टीत बंगळूरलाच कुठेतरी काम शिकणार आहे. उन्हाळ्यात येईलच असं नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. तीन वर्षं मी या माणसाची टिंगल केली होती. सायकलीच्या मागच्या चाकात हवा कमी वाटली. मी व्हरांड्यातला पंप आणला आणि हवा भरून दिली.