मावशीचा मे महिना

“तिथं वादळाला टायफून म्हणतात, बरं. म्हणून तो काय हळू वाहतो का?” मशीनवरचा पाय न थांबवता मावशी फोनमध्ये म्हणाली.

फोनवर तिचा थोरला होता. बोटीवर इंजिनाचं काम करतो. धाकटाही बोटीवरच, दुसऱ्या एका, स्वयंपाकी म्हणून. आणि आई बसलीय समुद्रापासून कुठल्या कुठं, पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकच्या ताडपत्र्या शिवत. तिनं समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण त्याचं वेळापत्रक तोंडपाठ.

थोरल्याचा समुद्र पृथ्वीच्या वरच्या अंगाचा. तिथलं वादळ म्हणजे हरिकेन, जून ते नोव्हेंबर. धाकट्याचा खालच्या अंगाचा. तिथं त्यालाच सायक्लोन म्हणतात आणि ऋतू सगळे उलटे. धाकटा पहिल्यांदा गेला तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. नोव्हेंबर सरला, वादळं मिटली, असं समजून ती खुशाल घोरत पडली, आणि जानेवारीत पोराची बोट वादळात सापडली. बोट सुखरूप आली. मावशीची झोप काही आली नाही. तेव्हापासून वर्षाची वाटणी झाली. एप्रिल सरताना धाकट्याची काळजी संपते, जूनला थोरल्याची लागते. मधला मे तेवढा तिचा. त्या महिन्यात बाई अशी झोपते की शेजारीण दार वाजवून बघते, आहे का गेली.

आता थोरला बोट बदलत होता. नवा समुद्र टायफूनचा. तिनं एवढंच विचारलं, ते कुठल्या महिन्यात बंद असतात. त्यानं आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं की तिथं बंद असं काही नसतं, बाराही महिने कधीही उठतात. मेमध्ये कमी असतात, हे घाईघाईनं जोडलं.

“कमी म्हणजे नसतात असं नाही ना?”

“आई, आता आधी कळतं. आम्ही वाट बदलतो.”

“धाकट्याला काय कळलं नव्हतं का?”

कापड कापणारा मास्तर समोरून म्हणाला, वादळाचं सुनेसारखंच दिसतंय, घर बदललं की नाव बदलतं.

“सुनेला निदान माहेरची सुट्टी असते, मास्तर.”

जुनीच बोट धर, असं तिनं थोरल्याला एकदा सांगून बघितलं. तो म्हणाला, सही झालीय, सोमवारी चढायचंय. मग तिनं गयावया केली नाही. जेवलास का, विचारलं, आणि फोन ठेवला.

तिनं डोळे चोळले. दारात ड्रायव्हर उभा होता, त्याची ताडपत्री व्हायची होती. अजून एक बाजू राहिलीय, बस, म्हणाली. कडेला दोरी घातली, वरून दुमड घेतली आणि मशीनची पायाखालची पट्टी दाबली.