दुसरं अंतर

"मेलेल्या पेशीत सगळं कसं जुळतं," आनेग्रेट श्टोर एकदा म्हणाली होती. प्रयोगशाळेत सगळे हसले. तिने विनोद केला नव्हता.

तिची उमेदीची वर्षं तळ्याकाठच्या त्या विद्यापीठात बेडकांच्या अंड्यांवर वाकून गेली. एका प्रथिनाच्या दोन टोकांना चुंबकी खुणा चिकटवायच्या, ते बारीक सुईने अंड्यात सोडायचं आणि पेशीने त्या खुणा खाऊन टाकायच्या आत अंडं गोठवायचं. मग चुंबकाच्या यंत्रात खुणांमधलं अंतर कळायचं. काचनळीत ते एकच यायचं. जिवंत अंड्यात मात्र आलेखावर शेजारी आणखी एक उंचवटा उठायचा, ठेंगणा, आखूड अंतराचा. आत शिरल्यावर रेणू अंग चोरून घेत होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यात तिला स्वतःला सापडलेली ही एवढी एकच गोष्ट.

प्राध्यापक ल्यूटगेन्सचा सिद्धान्त एकाच अंतरावर उभा होता.

"घाण आहे ती, श्टोरबाई. मेलेली अंडी शिरली असणार तुमच्या नळीत."

"मेलं की अंड्याचा काळा भाग डागाळतो. तसली मी आधीच काढते."

"पुन्हा करून बघा."

तिने पुन्हा केलं. उंचवटा पुन्हा आला.

"सोड आता," यंत्र सांभाळणारा फोल्कमार म्हणाला. "तुझ्या प्रथिनाला अक्कल असती तर म्हाताऱ्याला बघून सरळ बसलं असतं."

"तू बसलायस तेवढं पुरे."

शोधनिबंध पाठवायच्या दुपारी ल्यूटगेन्सनी सगळ्यांना खोलीत बोलावून बाटली उघडली. पडद्यावर आलेख होता. एकच उंचवटा, गुळगुळीत. वर लेखकांत तिचं नाव पहिलं. तिचा होकार तेवढा बाकी होता.

ते दोन पेले घेऊन तिच्याकडे आले. तिथली रीत अशी, की 'तुम्ही'वरून 'तू'वर आणि पहिल्या नावावर यायचं ते थोरल्याने बोलावल्यावरच. फोल्कमारला त्यांनी हे 'तू'चं बोलावणं केव्हाच दिलं होतं.

"मी हाइनर," ते हसले. "इतकी वर्षं तुम्ही-तुम्ही करत बसलो, वेडेच आपण. आता अगं-अरे. तुझ्या कायमच्या जागेचं वरती बोललोय मी. आणि तो दुसरा उंचवटा, तू समजून घेशील. हो ना, आनेग्रेट?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. 'तू' म्हटलं की सौदा पुरा. 'तुम्ही' म्हटलं की चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं. आणि तोंड उघडलं की दोन्हींतलं एक यायचंच.

तिने पेला घेऊन टेबलावर ठेवला. संगणकावर वाकून लेखकांच्या ओळीतलं आपलं नाव पुसलं. आलेख तसाच राहिला. मग खुर्चीवरचा कोट उचलून ती दाराबाहेर पडली.