शेजारच्या कोंबडीचं वेअरगिल्ड

नेदरलँड्समधल्या झूटरमेरला आल्यावर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी नव्यानं सायकल शिकले आणि तिसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांची कोंबडी मारली. मुद्दाम नाही. ती कुंपणातून एकदम आडवी आली आणि मी ब्रेक दाबायचा तर घंटी वाजवली.

शेजारी म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले एक उंचच उंच आजोबा. कोंबडी दोन्ही हातांत धरून मी त्यांच्या दारात उभी राहिले. धीर द्यायला सोबत माझी दहा वर्षांची मुलगी.

आजोबांनी कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत म्हणाले, "म्हणजे आता वेअरगिल्ड आलं."

डचच्या वर्गात 'वेअर' म्हणजे 'पुन्हा' आणि 'खेल्ट' म्हणजे 'पैसे' एवढं शिकले होते.

"पुन्हा पैसे? अहो, मी अजून एकदाही दिले नाहीत!"

ते खो खो हसले. "जुना इंग्रजी शब्द आहे. माणूस मारला, की त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायची, म्हणजे सूड टळायचा. गिल्ड म्हणजे देणं, आमच्या खेल्टचं भावंड. आणि वेअर म्हणजे पुरुष. वेअरवुल्फमधला वेअर."

"पण ही तर कोंबडी," मुलगी म्हणाली.

"म्हणूनच शब्द लागू होत नाही. तुझी आई सुटली!"

सुटले तर गप्प बसावं ना! मी म्हणाले, "आमच्याकडे 'वीर' आहे. शूर पुरुष. संस्कृतातून आलेला."

"वीर?" आजोबांचे डोळे विस्फारले. ते तडक आत पळाले. मी दारात, हातात कोंबडी. आतून पुस्तकं पडल्याचे आवाज.

शेवटी मागच्या अंगणातून आजी आल्या.

"हे कुठे गेले?"

"शब्द शोधतायत," मुलीनं सांगितलं.

आजींनी सुस्कारा सोडला. "महिनाभर सांगतेय, कुंपणाचं भोक बुजवा."

त्यांनी खड्डा खणला, मी कोंबडी ठेवली, मुलीनं माती लोटली. तेवढ्यात जाडजूड कोश छातीशी धरून आजोबा आले.

"सापडलं! वेअर आणि वीर सख्खे भाऊ!"

आजींनी कोश काढून घेतला आणि हातात जाळीचं भेंडोळं दिलं. आजोबा मुकाट्यानं कुंपणापाशी गुडघ्यांवर बसले. मी जाळीचं दुसरं टोक धरलं.

"बरं," ते हळूच म्हणाले, "कोंबडीला मराठीत काय म्हणतात?"