शकुंतलाबाईंचं मत

मार्तंडराव बिवलकर म्हणजे सरळमार्गी गृहस्थ. उभी हयात रेल्वेच्या वर्कशॉपात गेली, झाशीच्या सीपरी बाजारात दोन खोल्यांचं घर झालं, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. असा माणूस सत्तरी उलटल्यावर धडधडीत खोटं बोलायला लागला, आणि तेही निवडणुकीच्या फोनवर. नावं ठेवणारे ठेवोत, पण आधी कारण तर ऐका.

त्यांची बायको, शकुंतलाबाई, गेल्या आणि त्यांच्यामागून घरातली मराठीही गेली. झाशीत मराठी बोलायची ती चार भिंतींच्या आत, उंबरा ओलांडला की हिंदी. भाजीवाला हिंदी, डॉक्टर हिंदी, शेजारचे तिवारीजी तर अस्सल बुंदेली. मुलगा वामन बेंगळुरूला. त्याला मराठी कळते, पण जिभेवर येत नाही. रविवारी फोन करून "बाबा, खाना खाया?" विचारतो, बाबाही "हाँ बेटा" म्हणून मोकळे होतात. संध्याकाळची आरती सोडली, तर मार्तंडरावांच्या तोंडून मराठी शब्द निघेनासा झाला होता. "अगं, ऐकलंस का," असं म्हणायलाच कुणी उरलं नव्हतं.

अशात एका सकाळी फोन वाजला.

"नमस्कार काका, मी अहिल्या बोलते. चुनाव... म्हणजे निवडणुकीसाठी फोन केला आहे. माझ्या मराठीत गलती झाली तर नाराज नका होऊ."

सदर बाजारात एका उमेदवारानं कचेरी थाटली होती. तिथल्या संगणकानं मतदारयादीतली आडनावं चाळून मराठी घरं वेचून काढली आणि ती मराठी बोलणाऱ्या बाईकडे सोपवली. मार्तंडरावांना यातलं काय ठाऊक? कानावर मराठी पडली आणि ते खुर्चीत नीट सावरून बसले.

"काका, यंदा मत कोणाला द्यायचं, ठरलं?"

ठरलं होतं की. त्यांचं मत म्हणजे दगडावरची रेघ, आणि ते काही अहिल्येच्या उमेदवाराला जाणार नव्हतं. पण म्हातारबुवा बिलंदर.

"ठरलं म्हटलं, तर पुन्हा फोन करशील का?"

"नाही काका. ज्यांचं ठरलं नाही, त्यांनाच परत फोन जातो."

"मग नाही ठरलं," मार्तंडराव म्हणाले.

झालं! दर चार-दोन दिवसांनी फोन येऊ लागला. दोन मिनिटं निवडणूक आणि मग गप्पा. अहिल्येचा नवरा बिजौलीच्या एका कारखान्यात होता, पदरी एक लहान मुलगी. आजीकडून शिकलेली मराठी तिला लेकीला द्यायची होती, पण शब्द अपुरे पडत. "काका, दवाई घेतली?" ती विचारी. "औषध म्हण," हे सांगत. फोन ठेवला की मार्तंडराव त्या दिवशी भाज्यासुद्धा दोन करत.

एकदा त्यांनी तिला शकूची गोष्ट सांगितली. मतदानाच्या दिवशी घरातला नियम असा की आधी मत, मग चहा. परत आल्यावर शकू साखरभात करायची. आणि हे तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात: "कुणाला दिलंस, सांग की." चाळीस वर्षं विचारलं, जिलबीची लाच दिली, रुसूनही पाहिलं. बाई शाई लावलेल्या बोटाची मूठ वळायची, नाकासमोर धरायची आणि हसून म्हणायची, "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची." शेवटच्या दुखण्यात उगाच तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं होतं. तेव्हाही तिनं पांघरुणाखालून मूठ काढून दाखवली होती.

"किती गोड," अहिल्या म्हणाली.

मतदानाला आठवडा उरला असेल. मार्तंडराव चहाचं आधण ठेवत होते, तोच मोबाइलवर निरोप आला. वर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, खाली स्वच्छ मराठी: "आदरणीय मार्तंडराव, शकुंतलाताईंचं मत आयुष्यभर आम्हालाच होतं. त्या आपल्याला कधी बोलल्या नाहीत. त्यांची इच्छा आता आपल्या हाती आहे."

त्यांनी गॅस बंद केला आणि तिथेच पाटावर बसले. कुणा परक्यानं शकूच्या ट्रंकेत हात घालून लुगड्यांच्या घड्या विस्कटाव्यात, तसं झालं. आणि पक्ष तरी कुठला, तर ज्याच्या नावानं ते जन्मभर बोटं मोडत आले, नेमका तोच. मग मनात किडा शिरला. आपण रोज पेपर वाचताना एवढं तोंड सोडायचो, म्हणून तर ती बोलली नाही? थट्टा होती की धाक होता? चाळीस वर्षं ज्या मुठीवर जीव टाकला, ती बिचारीनं भिऊन मिटली होती का? त्या दिवशी चहा झालाच नाही.

दुपारी अहिल्येचा फोन आला.

"तुमच्या लोकांना माझ्या बायकोचं मत कुणी सांगितलं?" मार्तंडरावांनी विचारलं. आजवर तिला ते अगं-तुगं करत होते, आज 'तुम्ही' झाली.

अहिल्येनं निरोप वाचून दाखवायला सांगितला. ऐकून ती म्हणाली, "काका, काकूंची गोष्ट मीच लिहून दिली होती." मार्तंडरावांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती ऑटो करून दारात हजर. तिशीची, सावळी, डोळे रडून सुजलेले. मार्तंडरावांना वाटलं होतं, समोर आली तर चांगलं खडसावू. पण दारी आलेल्या लेकीबाळीला पाणी न विचारता कसं उभं ठेवायचं? त्यांनी तांब्या-भांडं पुढे केलं.

पाणी पिऊन ती बोलायला लागली. मराठीत अडली की हिंदीत शिरायची, पण लपवाछपवी काही केली नाही तिनं. कचेरीतल्या पडद्यावर आपले मतदार हिरवे, दुसऱ्याचे लाल, न ठरलेले पिवळे. मार्तंडराव इतके दिवस पिवळेच राहिले, तेव्हा साहेब मागे लागले: हा माणूस एवढा वेळ बोलतो तरी काय, त्याच्या मनातलं दुखरं काय, लिही. तिनं भाबडेपणानं मुठीची गोष्ट लिहिली. वाचून साहेबाला युक्ती सुचली.

"ज्यांची बायको गेली, त्या सगळ्या पिवळ्यांना हा मेसेज गेला काका. फक्त नावं बदलली."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. संगणक गल्लीवरून, वयावरून नुसता अंदाज बांधतो. पेटीत कोणी काय टाकलं, ते त्याला नाही कळत. झूठ लिहिलं त्यांनी."

मार्तंडरावांनी रिकामं भांडं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे मूठ अजून झाकलेलीच आहे." म्हणता म्हणता डोळे भरून आले, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. पण किडा एवढ्यानं मरणारा नव्हता. "पण अहिल्या, ती मला भीत तर नसेल ना? माझं तोंड फार फाटकं होतं गं."

अहिल्येनं विचार केला. "काका, माझी आजी आजोबांना भ्यायची. ती मान खाली घालायची. नाकासमोर मूठ धरून हसायची तिची हिंमत नव्हती."

मार्तंडरावांनी आता कुठे डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

निघताना ती उंबऱ्याशी थांबली. "तुमचं नाव मी 'ठरलं'मध्ये टाकून आले. आता कचेरीतून कोणी नाही सतावणार. मी पण तिथे परत नाही जाणार." मार्तंडरावांनी मान डोलावली. ऑटो वळणाआड गेली आणि घरात पुन्हा पूर्वीसारखं सामसूम झालं. पुढचे दिवस फोन गप्पच होता. त्यांना फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा.

मतदानाच्या दिवशी ते उपाशीपोटी जाऊन मत देऊन आले. मग चहा. आणि मग काय लहर आली कोण जाणे, जन्मात पहिल्यांदा साखरभात करायला घेतला. पाणी जास्त झालं, केशर होतं तेवढं सगळं पडलं. शकूच्या फोटोपुढे वाटी ठेवत होते, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी.

"काका, मी अहिल्या. हा माझा घरचा नंबर आहे. मत दिलं?"

"दिलं की."

"छान. कोणाला, ते मी नाही विचारणार. कधीच नाही."

मार्तंडरावांनी फोटोकडे पाहिलं. शाईचं बोट आत घेऊन मूठ मिटली.

"असं कसं? विचार ना गं," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही, तर न सांगण्यात मजा कसली?"

पलीकडे ती हसली, आणि लाडीगोडीनं म्हणाली, "सांगा की काका, कोणाला दिलं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मार्तंडराव म्हणाले. "आणि संध्याकाळी लेकीला घेऊन ये. भात जरा गिच्च झालाय, पण गोड आहे."