हमीदाआपांची ओसरी

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हमीदाआपा माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी ठेवलेल्या खाटेवर चक्क आडव्या झाल्या होत्या. आपटा गावाच्या रस्त्यावरच्या, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीच्या त्या निवासाची प्रमुख बाई, हॉस्पिटलातून निवृत्त झालेली मेट्रन, आणि भर दुपारी लोळतेय! माझ्या कपाळाला आठी पडली.

"इथून संडासाचं दार दिसत नाही," त्या पडल्यापडल्याच म्हणाल्या. "खाट फिरवा. दिसलं तर जातील, नाही तर कपडे ओले."

नवा माणूस यायचा असला की त्याच्या खाटेवर आधी त्या झोपून बघायच्या.

वडिलांना तिथे ठेवताना मला एकच धास्ती होती, ते रुळतील का. ती खरी ठरली. खारघरहून मी दर रविवारी जायचे. मी निघाले की अण्णा फाटकाचे गज धरून उभे. आत ताट गार व्हायचं. ते खंगत चालले.

"निघताना काय म्हणता तुम्ही?" आपांनी एकदा विचारलं.

"येते म्हणते. आणखी काय म्हणणार?"

"तेच. तुम्ही सवयीनं म्हणता, ते खरं धरतात. जाते म्हणा."

"आपा, अभद्र वाटतं हो."

"त्याचा गुनाह माझ्या नावावर घाला. पण त्यांना उपाशी उभं करू नका."

जीभ रेटत नव्हती, तरी म्हटलं. अण्णा फाटकाशी जातच राहिले. शेवटी विश्वस्तांनी फाटकाला पत्रा ठोकायचं ठरवलं. रस्ताच दिसला नाही तर वाट कशाची बघतील, असा त्यांचा हिशेब. आपा भडकल्या.

"मग पत्र्याकडे बघत उभे राहतील. रस्त्यावर निदान म्हशी तरी दिसतात!"

त्यांनी जेवणाची टेबलं उचलून बाहेर ओसरीत, फाटकासमोर मांडली. "वाट बघायची ना? खुशाल बघा. बसून, जेवता जेवता." विश्वस्त कुरकुरले, तेव्हा त्यांनाही तिथेच जेवायला बसवलं.

अण्णा आधी नुसते बसायला लागले. मग दोन घास खाऊ लागले, पुढे आमटी मागून घेऊ लागले. मला हायसं वाटलं.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी आत शिरले, तर अण्णा ताटावरून उठले आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"या, बसा. जेवल्याशिवाय जायचं नाही हं."

मला जन्मात कधी अहो-जाहो न केलेले अण्णा. मला हुंदका आवरेना.

आपा भाकरी वाढत होत्या. डोळे त्यांचेही भरले होते, आवाज मात्र रोजचाच.

"बसा ना ताई. घरचा माणूस एवढा आग्रह करतोय."