चौदा नंबरचं पिंप

माझ्या ताईचा नवरा जेवताना तीनदा उठतो, हे एखाद्या दिवशी बघितलं तर गंमत वाटते. तीन आठवडे रोज बघितलं की आपल्याही घशाखाली घास उतरेनासा होतो. मी त्यांच्याच घरात मागच्या खोलीत शिवणयंत्र टाकून राहते, त्यामुळे माझी सुटका नव्हती. भावजी पहिल्या घासाला उठून दाराची कडी बघत, दुसऱ्याला नळ घट्ट करत आणि तिसऱ्याला नुसतेच उठत. कशाला उठलो ते आठवलं नाही की परत बसत. ताई आधी चिडली, मग घाबरली. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या कारखान्यात पाहुण्यांचा दिवस आहे. तू जा त्यांच्याबरोबर. काय सलतंय ते काढून घे. मला तर ताकास तूर लागू देत नाहीत."

भावजी सव्वीस वर्षं वाइनच्या कारखान्यात तळघर सांभाळतात. लाकडाची पिंपं थोडी थोडी वाइन पितात म्हणे. पिंप जरा रिकामं झालं की आत हवा शिरते आणि माल बिघडतो. म्हणून दर मंगळवारी प्रत्येक पिंपाचं बूच काढायचं, त्याच वाइनची भर घालायची आणि पिंप काठोकाठ करायचं. सव्वीस वर्षांत हा माणूस मंगळवारी आजारी पडलेला नाही. ताईचं बाळंतपण नेमकं मंगळवारी आलं, तर हे शेवटचं बूच ठोकून मगच दवाखान्यात पोचले. ताई ते अजून विसरलेली नाही, आणि विसरूही नये.

सकाळी चढणीच्या रस्त्याला लागलो आणि मी आडवळण न घेता विचारलं, "भावजी, कुणा बाईचं प्रकरण आहे का?"

ते इतके दचकले की मला हसू आलं. मग चालता चालता त्यांनी सगळं सांगून टाकलं. तीन आठवड्यांपूर्वी दाढ ठणकत होती. त्या तिरमिरीत चौदा नंबरच्या पिंपात भर घातली ती चुकीच्या डब्यातून. तो डबा आंबलेल्या वाइनचा, व्हिनेगर करायला ठेवलेला. दुसऱ्या दिवशी डबा हलका लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

"मग त्याच दिवशी सांगायचं!"

"जीभच उचलेना. एक दिवस गेला, मग दुसरा गेला. उशीर झाला की चूक राहत नाही गं, लबाडी होते." ते थांबले, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "आज बाई चौदा नंबर चाखणार. त्यांना कळणारच."

बाई म्हणजे कारखान्याच्या मालकीण, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या जिभेचा मोठा दरारा. कुठल्या पिंपातली द्राक्षं एक दिवस उशिरा तोडली हे त्यांनी एका घोटात सांगितलेलं भावजींनी स्वतः पाहिलं होतं. वर्षातून एकदा त्या जुन्या गिऱ्हाइकांना बोलावतात, त्यांच्यादेखत पिंपं चाखतात आणि जे पसंत पडेल त्यावर खडूनं गोल काढतात. गोल काढला की दुसऱ्या दिवशी ती वाइन बाटल्यांत जाते. मग कुणाच्या बापाला ती परत काढता येत नाही.

पाहुणे दहा-बारा होते. वरच्या दालनात लांब टेबलावर आधी तीन बाटल्यांची चव झाली. मी आयुष्यात पहिल्यांदाच वाइन तोंडाला लावत होते. एक पांढरी बरी लागली, बाकी दोन औषधासारख्या. शेजारी एक चष्मेवाले माहीतगार होते. ते ग्लास फिरवत, उजेडात धरत, नाक आत बुडवत आणि डोळे मिटून मान हलवत. त्यांचं पाहून मीही मान हलवली. भावजी दाराशी उभे राहून एकच फडकं घडी करत होते, मोडत होते, परत घडी करत होते.

मग खाली तळघरात. गार, ओलसर, पायाखाली दगड. बाई काठी टेकत पिंपामागून पिंप घेत होत्या. भावजी काचेच्या नळीनं वाइन काढून आधी बाईंच्या, मग सगळ्यांच्या ग्लासात थोडी थोडी घालत. नऊ नंबर पास, अकरा नंबर पास. तेरा नंबरला भावजींनी बूच काढलं, परत ठोकलं, परत काढलं. मी मनात म्हटलं, सांगा हो, अजून वेळ आहे.

चौदा नंबर. बाईंनी वास घेतला, घोट तोंडात घोळवला. आम्ही सगळ्यांनीही घेतला. माझे दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. वाइन मला कळत नाही, पण व्हिनेगर कळतं.

"काळी मनुका," बाई शांतपणे म्हणाल्या. "थोडा धूर. मागून गोडवा. छान जमलंय."

मी पाहुण्यांकडे बघितलं. कुणाचं तोंड वाकडं, कुणाचं त्याहून वाकडं, पण माना सगळ्यांच्या होकारात. माहीतगार म्हणाले, "जरा धारदार आहे, पण बाणेदार!"

भावजींकडे बघवत नव्हतं. मला वाटलं होतं, सुटलो म्हणून त्यांचा चेहरा खुलेल. तो पांढरा पडला होता. सव्वीस वर्षं ज्या जिभेला भ्यायले ती जीभ गेली, हे त्यांना त्या क्षणी कळलं. बाईंनी पिशवीतून खडू काढला.

"बाई, थांबा," भावजी म्हणाले. "सकाळपासून तुम्ही माझ्याकडे बघताय, ते मला समजलंय. माझ्या तोंडून यावं म्हणून तुम्ही पाहुण्यांसमोर छान म्हणालात. आता ताणत नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी यात व्हिनेगरच्या डब्यातली भर घातली. चूक माझी. लपवलीही मीच."

बाईंचा हात तसाच वर राहिला. त्या भावजींकडे बघत होत्या.

"तीन आठवडे वाट बघतेय," बाई म्हणाल्या. खडूनं पिंपावर मोठी फुली मारली. "उद्यापासून तळघरात पाऊल टाकायचं नाही. लेबलांच्या खोलीत बस."

पाहुण्यांना तर पर्वणीच झाली. "काय ती जीभ!" असं जो तो म्हणायला लागला. माहीतगारांना तर म्हणे पहिल्या वासालाच संशय आला होता.

परतीच्या वाटेवर मी नुसती धुमसत होते. "तुम्ही त्यांची अब्रू झाकली आणि त्यांनी तुम्हालाच हाकललं! पोराटोरांसारखं लेबलं चिकटवत बसायचं आता?"

"मग काय करतील? सगळ्यांसमोर सोडून दिलं असतं, तर लोकांना शंका आली असती." ते भराभर चालत होते, मला धावावं लागत होतं. "कधीपासून कळत नसेल गं त्यांना? रोज समोर असतो मी. मला कसं कळलं नाही?"

घरी ताईनं वाढलं. ते एकदाही उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. बोटानं ताटात रेघा काढत बसले.

चौथ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. लेबलांच्या खोलीत भावजींच्या हाताला कोपरापर्यंत डिंक. मी डबा ठेवते तोच दार ढकलून बाई आत आल्या. हातात फडक्यानं झाकलेले दोन ग्लास. मी निघायला लागले, तर काठीनंच खूण केली, बस. मग दार लावून घेतलं आणि खोक्यावर टेकल्या. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, भावजींनीही नाही.

एक ग्लास त्यांनी भावजींपुढे सरकवला, दुसऱ्यातला घोट स्वतः घेतला. भावजींनी हात पुसले, वास घेतला, चाखलं.

"सहा नंबर," ते म्हणाले. "पिकलेलं जांभूळ आहे, बाई. ओल्या लाकडाचा वास, आणि शेवटी जिभेच्या कडेला जरासा—"

"हळू बोल," बाईंनी डोळे मिटले होते. "आठवू दे मला."