बॉयलरची रिकामी काच

चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या आमच्या राइस मिलमध्ये उसना, म्हणजे धान उकडून केलेला, तांदूळ निघायचा. धान वाफवायला भुशावर चालणारा बॉयलर होता आणि तो सांभाळायला सासऱ्यांच्या काळापासूनचा एक माणूस. सासरे गेले, नवऱ्याला अर्धांगवायू झाला, मिल माझ्याकडे आली, तेव्हा त्यानेच मला धीर दिला. मी त्याला भाऊ म्हणायची.

भाऊला सट्ट्याचं वेड होतं. समोरच्या पानठेल्यावर दुपारी फोनवरून आकडा कळायचा. ती वेळ जवळ आली की बोललेलं त्याला ऐकूच जायचं नाही. मी समजवायची. "सोडलं जी बाई," तो म्हणायचा.

एका दुपारी आंगणात धान पसरणारी एक बाई धावत आली. "बाई, बॉयलरपाशी कोनीच नाई. अन् जळका वास येऊन राह्यला!"

भट्टी धडाडत होती. आतलं पाणी दाखवणारी काच पार रिकामी. सासऱ्यांनी बजावलेलं आठवलं: काच रिकामी दिसली तर पाणी सोडायचं नाही, तापलेला बॉयलर फुटतो, आधी आग काढायची.

"सगळ्याजणी रस्त्यापलीकडे जा!" मी ओरडले. मलाही पळायचं होतं. पण मिलला लागूनच आमचं घर, आणि आत नवरा खाटेवर. लांब दांड्याचं फावडं घेऊन मी जळता भुसा बाहेर ओढू लागले.

तेवढ्यात भाऊ धापा टाकत आला. काच पाहिली आणि त्याचा हात सरळ पाण्याच्या पंपाकडे गेला. आयुष्य बॉयलरपाशी काढलेला माणूस! मी फावडं टाकून त्याचं मनगट धरलं.

"भाऊ, पाणी नको! मरू सगळे!"

तो भानावर आला. उरलेली आग त्यानेच काढली. मग आम्ही नवऱ्याला खाटेसकट बाहेर आणलं आणि रस्त्यापलीकडे बसून राहिलो. आत तापलेलं लोखंड कडकड वाजायचं. दर आवाजाला बाया एकमेकींना घट्ट धरायच्या.

"आकडा लागला?" मी विचारलं.

"लागला जी," भाऊ म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला. ते ऐकून मला जास्तच भीती वाटली. हरला असता तर कदाचित सुटला असता.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. "काढू नोका त्याले, बाई. काम गेलं तं तो जिवाचं काही करून घेईन. मले भेव वाटते."

ठेवलं तर इतरांचा जीव, काढलं तर त्याचा. शेवटी त्याला बॉयलरवरून हलवून आंगणातल्या कामावर घेतलं. पगार बायकोच्या हाती द्यायचं त्याच्याकडूनच कबूल करून घेतलं आणि चंद्रपूरला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बसमध्ये खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, "मी जातो असं नाई जी, बाई. पाय जातेत. मले माह्याच पायाचं भेव वाटते."

औषधं सुरू झाली. मध्ये तो पुन्हा खेळला, पण संध्याकाळी स्वतःच येऊन सांगून गेला. पुढे बरेच दिवस तो ठीक राहिला. एकदा नवा बॉयलरवाला तापाने पडला. बाहेर भिजवलेलं धान तसंच पडून होतं. मी धीर करून विचारलं, "भाऊ, आजच्यापुरता बॉयलर पाहता का?"

तो दोन पावलं मागे सरला.

"नाई जी, बाई. दुपार झाली का कान अजून तिकडंच जातेत."

त्या दिवशी आम्ही मिल बंद ठेवली.